मान, चष्मा आणि दुरुस्तीला टाकलेली सायकल

माझी मान दुखते हे मी चारचौघांत बोलले, ही माझी पहिली चूक. पुण्यात दुखणं सांगायचं नसतं. सांगितलं की ते आपलं राहत नाही, आणि ज्याला कुणी विचारलेलं नसतं तोही जाता जाता निकाल देऊन जातो. माझ्या बाबतीत सगळ्यांचा निकाल एकच होता. सायकल सोडा.

मी शनिवार पेठेत राहते आणि खडकीच्या एका शाळेत गणित शिकवते. सव्वीस वर्षं सायकलने जाते आहे. नवा पूल, कोर्ट, वाकडेवाडी, खडकी. आधी साडी नेसून लेडीज सायकलवर, मग पंजाबी ड्रेसमध्ये, आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या पन्नाशीला मुलीने गिअरची सायकल दिली तेव्हापासून तिच्यावर. तिचं हॅंडल आडव्या सरळ दांड्याचं आहे, थोडं पुढे वाकून बसावं लागतं. जायचा अर्धा तास आणि यायचा अर्धा तास, दिवसातला एवढाच वेळ असा आहे की ज्यात मला कुणी हाक मारत नाही. ना ‘बाई’, ना ‘आई’, ना ‘अगं’. तो तास गेला तर माझं काय उरतं, हा प्रश्न मला सोडून कुणालाच पडलेला नव्हता.

‘पुणे म्हणजे सायकलींचं शहर होतं हो’ हे वाक्य मला ज्या ज्या माणसाने ऐकवलं आहे, तो प्रत्येक जण ते म्हणताना गाडीत बसलेला होता. सिग्नलला काच खाली करून म्हणतात. वर ‘अजून चालवता? कमाल आहे’ असंही म्हणतात आणि हिरवा लागला की माझ्या अंगावरून पुढे काढतात.

मान दुखायला लागली दिवाळीनंतर. कवटीच्या खाली, मागच्या बाजूला, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखी. आधी नुसती कोर्टापर्यंत आलं की जाणवायची, मग वाकडेवाडीला खांद्यात उतरायची, आणि जानेवारीत तर स्टाफरूममध्ये पोचल्यावर पाच मिनिटं मला कुणाकडे वळून बघता येत नसे. पूर्ण अंगाने वळावं लागे. मुलं मागे नक्कल करत असणार, हे फळ्याकडे तोंड असलं तरी कळतं.

मग सल्ले सुरू झाले. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, उशी बदला. मराठीच्या बाई म्हणाल्या, उशीच काढून टाका. शेजारच्या काकू तेलाची अर्धी बाटली घेऊन आल्या, तिची मुदत केव्हाच संपलेली होती. मोबाईल कमी बघा, असं मला एका गृहस्थांनी मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं. मी सगळं केलं. उशी काढली, घातली, टॉवेलची वळकटी केली. तेलाचा वास चादरींना लागला तो अजून जात नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

“वयानुसार थोडी झीज आहे. काय करता?”

“शिक्षिका आहे. सायकलने जाते.”

“सायकलने? कशाला?”

“शाळेत जायला.”

“अहो, तुमच्या भागात रिक्षा मिळत नाहीत का?”

एवढ्यावर तपासणी संपली. मी सायकलवर कशी बसते, किती वाकते, हॅंडल केवढ्यावर आहे, दुखायला कुठल्या ठिकाणी सुरुवात होते, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. मला मानेचा पट्टा दिला. तो घालून मी तीन आठवडे नववीला कोन शिकवले. सायकलवर बसताना पट्टा काढावाच लागे, कारण तो घालून मागून येणारा डंपर बघता येत नाही. म्हणजे जिथे मान दुखत होती तिथे पट्टा नाही, आणि जिथे दुखत नव्हती तिथे पट्टा. याला उपचार म्हणतात.

घरात मी, नवरा, मुलगी आणि माझे बाबा. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात. वय ब्याऐंशी. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, याच शनिवार पेठेतून, याच रस्त्याने, काळ्या उंच सायकलवर. घरातले सगळे माझ्या मानेवर एकदम बोलत होते त्या रात्री जेवताना बाबांनी मधेच विचारलं, “चष्मा कधी बदललास?”

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. “बाबा, मान दुखतेय माझी. डोळे नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ताक ओतून घेतलं.

आमच्या बाबांचं ‘बरं’ म्हणजे दार लावून घेणं. ते पुन्हा उघडत नाहीत. आणि मीही त्या वेळी ठोठावलं नाही.

आता त्यांच्या सायकलचं सांगायलाच हवं, कारण ते लपवून पुढचं सांगता येणार नाही.

आठ वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तर वय होईपर्यंत, बाबा सायकल चालवत होते. ग्रंथालय, मंडई, कारखान्यातल्या जुन्या मित्राकडे खडकीला. त्या वर्षी त्यांना नवीन बायफोकल चष्मा लागला आणि त्यानंतर ते हनुवटी छातीला लावून सायकल चालवायला लागले. संध्याकाळी मान चोळत बसत. मग एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर वर आलेल्या गटाराच्या झाकणाला अडखळून पडले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. घरी येऊन शांतपणे म्हणाले, “झाकण दिसलं नाही. या चष्म्यातून रस्ता मधेच तुटतो.”

नवरा म्हणाला, “बाबा, आपल्याकडचे रस्ते तुटलेलेच आहेत, त्यात चष्म्याचा काय दोष?” आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसले.

आणि दुसऱ्या आठवड्यात ते व्याख्यानाला गेलेले असताना मी त्यांची सायकल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवून दिली. संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, “दुरुस्तीला टाकलीय.” आठ दिवसांनी परत विचारलं. मी म्हणाले, “जुनी सायकल आहे ना, पार्ट मिळत नाहीयेत म्हणतो.” त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मी समजले, ते विसरले. आणि खरं सांगायचं तर मी फार शहाणपणाने वागले असंच मला वाटलं होतं. मैत्रिणींना सांगितलंही होतं, म्हाताऱ्या माणसांशी असंच गोडीगुलाबीने घ्यावं लागतं.

तर आता माझी पाळी होती. मार्चमध्ये एका रविवारी मुलगी म्हणाली, “आई, सीरियसली, आता बास. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण आहे, हडपसरला राहते, तिला सायकल हवीय. शनिवारी बघायला येते म्हणालीय.”

“कुणाची सायकल?”

“तुझी. आय मीन, तू काही ती आता चालवणार नाहीयेस.”

“मी चालवणार नाही हे कुणी ठरवलं?”

नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली. तो घडी घालतो तेव्हा पुढे समजूतदारपणा येणार हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. “अगं, तुझ्या भल्यासाठीच. मी सोडत जाईन तुला गाडीने.”

“अहो, तुम्ही साडेआठला उठता. माझी शाळा सातला भरते.”

मी भांडले. ताटं आपटली. आपटायच्या वयात नाही मी, पण आपटली. मुलीने ओठ मिटले, नवरा आत गेला. बाबा गॅलरीत बसून होते, त्यांनी मान वळवली नाही. शेवटी माझ्याही मनात आलं की मान चार-पाच महिने दुखते आहे, ते काही माझं नाटक नाही, आणि हे लोक बरोबर असले तर? त्या विचाराचा मला सगळ्यात जास्त राग आला. शनिवारपर्यंत बघू, असं मी म्हणाले.

गुरुवारी सकाळी आवरताना चष्म्याच्या दांडीचा स्क्रू निघाला आणि मोरीत गेला. हा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचा नंबर आणि खाली वाचायचा, मधे रेघ नाही. दिवाळीच्या आधी केला होता, कारण वह्या तपासताना अक्षरं पुसट व्हायला लागली होती. फ्रेम मुलीने निवडलेली. बारीक, आडवी. ‘आई, जुनी फ्रेम फारच आंटी टाइप होती’ असं म्हणाली होती, आणि मीही आरशात बघून भुलले होते. तर तो मोडला. कपाटातून जुना चष्मा काढला. मोठ्या तपकिरी काचांचा, फक्त लांबचा नंबर, भुवयांच्या वरपर्यंत येणारा. तो घालून निघाले.

वाकडेवाडीला सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. मान दुखत नव्हती. शाळेत पोचले, सायकल लावली, मागून शिपायाने हाक मारली आणि मी नुसती मान वळवून ‘काय रे’ म्हणाले. मग तिथेच उभी राहिले.

एका दिवसावरून सिद्धता होत नाही, हे मी मुलांना रोज सांगते. गुरुवारी रात्री नवऱ्याकडून दुसरा स्क्रू बसवून घेतला आणि शुक्रवारी नवा चष्मा घालून गेले. कोर्टापाशी अंगठा मानेवर हजर.

शुक्रवारी संध्याकाळी मी नवऱ्याला खाली पार्किंगमध्ये नेलं. सायकल भिंतीला टेकवली, वर चढून बसले, दोन्ही हात हॅंडलवर. “बाजूने फोटो काढा. आधी हा चष्मा, मग तो.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. काढा.”

दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. नव्या चष्म्यातली बाई भिंतीपलीकडचं डोकावून बघत असल्यासारखी हनुवटी पुढे काढून बसली होती, मानेला मागे तीन घड्या. जुन्या चष्म्यातल्या बाईची मान पाठीच्या रेषेत होती आणि नुसते डोळे वर. वाकून बसलं की नजर काचेच्या वरच्या टोकाला जाते. बारीक फ्रेमला वरचं टोकच नाही. नजर काचेबाहेर जाते, बाहेर सगळं धुरकट, म्हणून डोकं मागे टाकायचं. त्यात घामाने चष्मा नाकावरून घसरतो, मग आणखी मागे. बाजूला बघायला जावं तर या काचा कडेला अंधूक, म्हणून तिथेही डोळ्यांचं काम मानेने करायचं. रोज एक तास, चार-पाच महिने. दहा मिनिटांची भूमिती होती ही. सव्वीस वर्षं कोन शिकवून मला स्वतःचा एक कोन दिसला नाही.

नवरा फोटो बघून म्हणाला, “म्हणजे सायकल सोडायची गरज नाही तर.”

तिथे मी तोंड उघडलं असतं तर शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या असत्या. वर येऊन मुलीच्या त्या मैत्रिणीला मी स्वतः फोन केला आणि सांगितलं, सायकल द्यायची नाही, येऊ नका.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी चष्मेवाल्याच्या पायरीवर उभी होते.

“हा चष्मा घालून मला सायकल चालवता येत नाही.”

त्याने चष्मा उलटापालटा करून बघितला. “तुम्ही सायकल चालवता हे सांगितलं नव्हतंत.”

“तुम्ही विचारलं होतंत?”

“बाई, इथे येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसून येत नाही, पण माप खुर्चीतच घ्यावं लागतं.”

हे मात्र बरोबर होतं. माप घेताना ‘ताठ बसा, माझ्या नाकाकडे बघा’ म्हणून त्याने काचेवर पेनाने ठिपके दिले होते. मी आयुष्यात कधी ताठ बसून कुणाच्या नाकाकडे बघत खडकीला गेलेले नाही.

पण माणूस तोंडाने जेवढा खडूस तेवढाच हाताने चोख. त्याने मला काउंटरची कड हॅंडलसारखी धरून वाकायला लावलं आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. एक फ्रेम, दुसरी फ्रेम, तिसरी. शेवटी एक उंच काचेची ठरली. नुसता लांबचा नंबर, फक्त सायकलसाठी; तयार काचा त्याने तिथेच बसवून दिल्या. नाकावरच्या गाद्या चिमट्याने जवळ घेऊन चष्मा वर चढवला, दांड्या कानामागे वळवल्या. “सायकलवाल्याकडून हॅंडल दोन बोटं वर करून घ्या. कोपरं थोडी वाकवून ठेवा, खांदे कानांना लावू नका. आणि मागे बांधायला दोरी लागेल, ती संपली आहे. सोमवारी या.”

मग माझा प्रोग्रेसिव्ह परत देताना तो सहज म्हणाला, “हा वाचायला ठेवा. सायकलवर नको. चाकाजवळचं बघायला गेलात तर खालचा वाचायचा नंबर मधे येतो. आणि बायफोकल असेल तर विचारूच नका. तिथे रेघ असते. रस्ता मधेच तुटतो.”

मी काउंटरची कड सोडली नाही.

“काय झालं?” त्याने विचारलं. मी काही नाही म्हणाले.

दुकानातून घरी यायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत मी सगळ्यांवर एकदा शेवटचं चिडून घेतलं. डॉक्टरांवर, पट्ट्यावर, इतिहासाच्या बाईंच्या उशीवर, परस्पर गिऱ्हाईक आणणाऱ्या मुलीवर, घडी घालणाऱ्या नवऱ्यावर. न विचारता निकाल देतात. ऐकून घेत नाहीत. माणूस काय सांगतोय त्याच्यावर हसतात आणि त्याची सायकल परस्पर... इथे मी जिन्यात पोचले होते. मुलगी निदान मला सांगून गिऱ्हाईक आणत होती.

बाबा गॅलरीत होते. मी समोर स्टूल ओढून बसले.

“बाबा, तुमचं बरोबर होतं. चष्माच होता. सायकलसाठी वेगळा करून आणलाय, बांधायची दोरी तेवढी सोमवारी मिळेल.”

“बरं.”

“तुमचाही चष्माच होता. तेव्हा. ती रेघ.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणजे?”

ते उठले. आता उठायला त्यांना वेळ लागतो, आणि मदत केलेली चालत नाही. आत जाऊन त्यांनी आपल्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि चष्म्याचं एक घर घेऊन आले. कडक, काळं, टचकन उघडणारं. आत मोठ्या काचांचा चष्मा होता. काचांवर एक ओरखडा नाही. दोन्ही दांड्यांना काळी दोरी बांधलेली, मागे आवळायला सरकगाठ. ती गाठ त्यांच्या हातची होती, कारखान्यात असल्यापासून ते तशीच मारतात.

“पडलो त्याच आठवड्यात जाऊन करायला टाकला होता,” बाबा म्हणाले. “नुसता लांबचा. महिन्याभराने मिळाला. रस्ता अखंड दिसतो. गॅलरीतून बघितलं मी.”

महिन्याभराने. म्हणजे सायकल तेव्हा भंगारात जाऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे हे घर आठ वर्षं त्या खणात होतं, आणि मी त्याच खणात दर दिवाळीला डांबराच्या गोळ्या ठेवत होते. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडायचं तेच कळेना, कारण यादीत आता एकच नाव उरलं होतं.

“बाबा, तुमची सायकल...” मी म्हणाले. पुढचं वाक्य माझ्याकडे आठ वर्षं तयार नव्हतं, ते तेव्हाही नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दांड्यांवरून दोरी सोडवली. एक बाजू, मग दुसरी. गाठी जुन्या, त्यामुळे वेळ लागला. सरकगाठ पुढेमागे करून बघितली, चालते आहे म्हटल्यावर दोरी माझ्या हातात दिली.

“वाकडेवाडीला उतार आहे. तिथे घसरतो चष्मा. ही बांध.”

“बाबा...”

“सोमवारपर्यंत कशाला थांबतेस? घे.” चष्मा त्यांनी त्याच्या घरात ठेवला आणि ते टचकन मिटलं. “माझी सायकल दुरुस्तीहून आली, की परत दे.”